गुळाचं आहे, मग आणखी एक वाटी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. घरात आम्ही पाच जण. सासूबाई, आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. यंदा मिस्टरांचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ आलं आणि डॉक्टरांनी आत्तापासूनच सांभाळायला सांगितलं. मुलीने मैत्रिणीकडे ॲपल क्रंबल (सफरचंदाच्या फोडींवर पीठ-लोण्याचा चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) खाल्लं, तेव्हापासून ते घरी करायचा तिचा हट्ट आहे. पहिल्यांदा व्हिडिओत सांगितलं तसं मैदा, बटर, साखर घालून केलं. सुरेख झालं, पण त्यात काय काय आणि किती गेलंय हे माहीत असल्यामुळे माझा घास अडला. सासूबाईंना तर देताच आलं नाही. दुसऱ्या वेळी मैद्याऐवजी झटपट शिजणारे ओट्स, साखरेऐवजी वाटीभर गूळ आणि बटरऐवजी दोन चमचे तेल घातलं. पाहुणे उशिरा येणार होते म्हणून झाकून ठेवलं. उघडलं तर सगळं ओलं गच्च. मुलांनी दोन घासांत सोडलं. मिस्टरांनी मात्र "गुळाचं आहे, काही होत नाही" म्हणत दोनदा घेतलं आणि त्यावरून आमची चांगलीच जुंपली. सगळ्यांना एकत्र बसून खाता येईल असं क्रंबल होतं का, की हा नाद सोडून देऊ?

उत्तर : नाद अजिबात सोडू नका. पाच जणांच्या घरात एकच गोड पदार्थ पाचही जणांच्या पुढ्यात ठेवता यावा, ही इच्छा मला फार महत्त्वाची वाटते. आणि क्रंबल हा त्यासाठी चांगला पदार्थ आहे, कारण त्याचा मोठा हिस्सा फळाचा असतो. निदान असायला हवा.

आधी भांडणाचं मूळ बघू. वाटीभर गूळ म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. पहिल्या वेळच्या कृतीत वरच्या थरात शंभर ग्रॅम आणि फळात पन्नास ग्रॅम साखर असेल, बहुतेक कृतींत तेवढी असतेच. म्हणजे तुमच्या दोन्ही क्रंबलमध्ये गोड घटक तेवढाच होता. शंभर ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी असतात, गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडे क्षार असतात, रंग आणि वास छान असतो, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवली तर आणखी बरं. मध आणि फळांचा रसही त्यांनी याच हिशोबात धरला आहे. अख्खं फळ धरलेलं नाही. दीडशे ग्रॅम गूळ सहा वाट्यांत वाटला तर एका वाटीत २५ ग्रॅम येतो. मिस्टरांनी दोन वाट्या घेतल्या. हिशोब तुमच्या समोर आहे.

त्यांना मात्र फार दोष देऊ नका. गूळ म्हणजे चांगला, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. शिवाय "हेल्दी केलंय" असं तुम्हीच सांगितलं असणार, आणि हा शब्द ऐकला की माणूस वाढून घेताना हात आखडत नाही. आमच्या घरी मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. नाचणीची बिस्किटं, खजुराचे लाडू, गुळाची चिक्की असं सगळं चांगलं चांगलं म्हणून डब्यात भरायचं आणि येता-जाता डबा उघडायचा. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पुढच्या वेळी त्याला हेल्दी म्हणूच नका. क्रंबल केलंय म्हणा, बस्स.

मी सुचवते आहे त्यात गूळ नाहीच. थोडी साखर आहे. दचकू नका, त्यामागे कारण आहे. क्रंबलच्या वरच्या थराचा कुरकुरीतपणा बराचसा साखरेमुळे येतो. भाजताना ती विरघळते, पिठाच्या कणांना धरते आणि गार होताना पुन्हा कडक होते. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. ठाण्याच्या हवेत, त्यातून जून ते सप्टेंबर, गुळाचा थर तासाभरात मऊ पडतो. दीडशे ग्रॅम गुळापेक्षा तीस ग्रॅम साखर प्रकृतीलाही बरी आणि पदार्थालाही. गुळाचा स्वाद मलाही मनापासून आवडतो, पण त्याची जागा पुरणपोळीत आहे, मोदकात आहे. इथे तो मदत करत नाही.

तुमचं दुसरं क्रंबल ओलं का झालं, तेही सांगते, कारण तिथे एक नाही, चार गोष्टी एकत्र आल्या. कच्च्या फळांवर गूळ पडला की त्यांना पाणी सुटतं, कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की सुटतं तसं. झटपट शिजणारे ओट्स बारीक चिरडलेले असतात, ते हे पाणी प्यायले आणि त्यांची खीर झाली. तेल पिठात भिनतं, पण घट्ट तुपा-लोण्यासारखे त्याचे गोळे राहत नाहीत, त्यामुळे भुरभुरीत चुरा तयार होत नाही. आणि शेवटी तुम्ही गरमागरम भांडं झाकलंत, तेव्हा उरलीसुरली वाफ वरच्या थरावर पाणी होऊन पडली. गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावल्यावर काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मुद्द्याचं. क्रंबल मुळात ब्रिटनमधलं, आणि ते तिथे घराघरांत रुजलं दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या दिवसांत, असं मानलं जातं. जानेवारी १९४० पासून तिथे लोणी आणि साखर रेशनवर मिळू लागली. ॲपल पाय करायचा तर पिठाचं आवरण खाली-वर लागतं, त्याला लोणीही जास्त. त्यापेक्षा फळांवर थोडासा चुरा पसरला की भागायचं. मला ही गोष्ट फार आवडते. टंचाईत वाढलेला हा पदार्थ आहे, त्याला कमीची सवय आहे. आज व्हिडिओत दिसणारं दोन भाग मैदा, एक भाग बटर, एक भाग साखर हे प्रमाण आणि फळाएवढाच जाड थर म्हणजे भरभराटीच्या दिवसांतलं क्रंबल. आपण थर पातळ करायचा आणि फळ वाढवायचं. पीठ कुठलं, गोड कशाने, हे प्रश्न त्यानंतरचे. लोक नेमके उलटीकडून सुरू करतात. आधी मैदा बदलतात, मग साखर बदलतात, मग बटर बदलतात, आणि थर तेवढाच जाड ठेवतात.

सहा वाट्यांचं माझं प्रमाण असं. मध्यम आकाराची पाच सफरचंदं, म्हणजे बिया आणि मधला कठीण भाग काढून साधारण पाऊण किलो. वरच्या थरासाठी साठ ग्रॅम जाड ओट्स, ज्यांच्या पाकिटावर रोल्ड ओट्स लिहिलेलं असतं ते, मसाल्याचे किंवा झटपटवाले नाहीत. चाळीस ग्रॅम कणीक, तीस ग्रॅम दाण्याचं भरड कूट, तीस ग्रॅम साखर, पस्तीस ग्रॅम घट्ट तूप आणि चिमूटभर मीठ. फळात साखर अजिबात नाही, फक्त चार खजूर बारीक चिरून, अर्ध्या लिंबाचा रस, दालचिनीची पूड आणि किसलेलं जायफळ. दालचिनी-जायफळात हात आखडू नका. साखर कमी झाली की सुगंधाने ती जागा भरून काढावी लागते, आणि जायफळ हा वास आपल्या जिभेला श्रीखंड-पुरणपोळीमुळे गोडाचाच वाटतो. एका वाटीत साखर येते पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. तूप येतं सहा ग्रॅमच्या आत. नेहमीच्या कृतीत एका वाटीला बटर सतरा ग्रॅमच्या आसपास जातं. एकूण कॅलरी मोजल्या तर व्हिडिओतल्या क्रंबलच्या साधारण साठ टक्के भरतात.

नेहमीचं टेबल बटर घ्यायचं असेल तर चाळीस ग्रॅम घ्या आणि मीठ वगळा, ते आधीच खारवलेलं असतं. बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के असतो आणि बाकी बहुतेक पाणी, म्हणून ते तुपापेक्षा थोडं जास्त लागतं. मला स्वतःला तूपच आवडतं. भाजताना बेसनाच्या लाडवासारखा खमंग वास सुटतो. उन्हाळ्यात आपल्याकडे तूप पातळ झालेलं असतं, तेव्हा ते मोजून वाटीत घ्या आणि घट्ट होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. पातळ तुपाने पुन्हा तेलासारखीच गत होते.

कणीक, ओट्स, कूट, साखर, मीठ एकत्र करून त्यात हे घट्ट तूप बोटांच्या टोकांनी चोळायचं. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो ना, अगदी तसंच, आणि खूणही तीच. मुठीत दाबलं तर मुटका व्हायला हवा, बोटाने टोचलं की फुटायला हवा. होतच नसेल तर चमचाभर थंड दूध शिंपडा, आणखी तूप नको. हे काम आठ वर्षांच्या मुलाकडे द्या. त्याने चोळलेला चुरा त्याला सोडवणार नाही. काही गोळे हरभऱ्याएवढे, काही रव्याएवढे राहू देत. सगळं एकसारखं बारीक केलं तर वर घट्ट थर बसतो. चुरा झाला की फळं चिरेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून द्या.

नाचणी घालू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. घाला, कणकेतली निम्मी काढून. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मुलांना आणि सासूबाईंना दोघांनाही उपयोगी. मात्र पीठ आधी कोरडं, वास सुटेपर्यंत भाजून घ्या, नाहीतर थराला कच्चट चव राहते. ओट्सचा फायदा त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विद्राव्य तंतूंमुळे आहे. पोटात त्यांचं जेलीसारखं होतं आणि साखर रक्तात जरा सावकाश जाते. तरी दहा ग्रॅम ओट्स एका वाटीत आल्याने कोणाचा मधुमेह बरा होणार नाही. त्यांचं खरं काम इथे चवीचं आहे.

फळांवर मात्र वेळ घालवा. बाजारात सगळ्यात लालबुंद, चकचकीत दिसणारी डेलिशस जातीची सफरचंदं शिजली की मऊ होतात, आणि जुनी असतील तर त्यांचा पिठूळ गर होतो. हिरवी ग्रॅनी स्मिथ आंबट असतात आणि आकार धरून ठेवतात, पण महाग. दोन हिरवी आणि तीन आपली हिमाचलची किंवा काश्मीरची, असा मेळ मी घालते. जांभळी नाक्याला फळवाल्याला "कडक आणि थोडं आंबट दे, शिजवायचंय" असं सांगितलं तर तो बरोबर काढून देतो. गोड निघालं तर परत आणीन म्हणून दम द्यायला हरकत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर देशी सफरचंदांचा मोसम, तेव्हा भाव आणि चव दोन्ही बरी असते. वाशीच्या एपीएमसीतून पेटी आणण्याचा मोह मात्र टाळा, क्रंबलला पाचच लागतात.

साल काढू नका. सफरचंदातल्या तंतूंचा बराच भाग सालीत असतो, आणि सालीमुळे फोडी मोडत नाहीत. परदेशी सफरचंदांवर मेणाचा थर असतो, ती कोमट पाण्यात चोळून धुवा. फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा, लिंबू आणि खजूर घालून पसरट पॅनमध्ये मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता. झाकण नको. सुटलेलं पाणी आटलं पाहिजे आणि फोडी निम्म्या शिजल्या पाहिजेत. इथेच तुमचा ओलेपणाचा प्रश्न बराचसा मिटतो. फळ फारच रसाळ असेल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरा.

मोसम बदलला की फळ बदला. जून-जुलैत आलुबुखार येतात, क्रंबलसाठी त्यांच्यासारखं फळ नाही. आंबटगोड, आणि शिजल्यावर रंग असा सुटतो की मुलं आधी रंगावरच खूष होतात. थंडीत पेरू करून बघा, बियांचा गर काढून. शंभर ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमच्या वर तंतू असतात, सफरचंदाच्या दुपटीहून जास्त. त्याला दालचिनीपेक्षा सुंठ आणि किंचित मिरपूड शोभते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या एकट्या घातल्या तर पाणीच पाणी होतं, पेरूत किंवा सफरचंदात मूठभर मिसळा. अननस चालतो, पण आधी चांगला आटवून. चिकू आणि पिकलेली केळी नकोत, ती इतकी गोड असतात की आपण वाचवलेली साखर दुसऱ्या दाराने आत येते. आणि हापूस कृपा करून भाजू नका. ते फळ कापून खायचं. ओव्हनमध्ये त्याचा सुगंध उडतो आणि हाती काहीच लागत नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या दुसऱ्या वाढीचा इलाज. मोठ्या काचेच्या भांड्यात क्रंबल लावूच नका. घरातल्या सहा स्टीलच्या वाट्या घ्या, ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) त्या चालतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र चालत नाहीत. प्रत्येक वाटीत फळ तीन भाग, वर चुरा एक भाग, दाबायचा नाही, नुसता सोडायचा. ओटीजी १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्या, वाट्या ट्रेमध्ये ठेवून मधल्या खणात, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू ठेवून वीस ते पंचवीस मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला आणि वर सोनेरी रंग आला की झालं. रंग आला नसेल तर शेवटची चार मिनिटं फक्त वरची कॉइल, आणि तेव्हा तिथून हलू नका. बाहेर काढून जाळीवर दहा मिनिटं उघडं ठेवा. कितीही पाहुणे येऊ देत, झाकायचं नाही. उशीर होणारच असेल तर न भाजलेल्या वाट्या फ्रिजमध्ये ठेवा आणि मंडळी जेवायला बसली की ओव्हनमध्ये सरकवा. वाट्या सहा, माणसं पाच. सहावी वाटी तुम्ही सोमवारी ऑफिसच्या डब्यात न्या. दुसऱ्यांदा वाढायला काही उरतच नाही, मग कुणी कुणाला टोकायचंही उरत नाही.

साधा मायक्रोवेव्ह असेल, कन्व्हेक्शन नसेल, तर त्यात वरचा थर कुरकुरीत होत नाही. अशा वेळी चुरा कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं चिवड्यासारखा हलवत भाजा आणि शिजलेल्या फळावर वाढताना भुरभुरा. हा चुरा पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतो. कामाच्या दिवशी रात्री मी हेच करते.

सोबत आइस्क्रीम किंवा कस्टर्ड नको. सगळी मेहनत तिथे वाया जाते. चक्का द्या, साखर न घातलेला, चिमूटभर वेलची घालून. गरम आंबटगोड फळ, कुरकुरीत चुरा आणि वर थंडगार चक्क्याचा चमचा, हे एकत्र तोंडात आलं की साखर कमी आहे हे लक्षातही येत नाही. एक जपा, ताजा अननस चक्क्यात मिसळून ठेवला तर कडवट होतो. शिजवलेल्याने होत नाही.

सासूबाईंबद्दल थोडं सावकाश बोलते. साखर कमी केली तरी फळाची स्वतःची साखर, खजूर, ओट्स आणि कणीक या वाटीत आहेतच, त्यामुळे त्यांच्यासाठी ही जेवणाच्या वर घेतलेली जादा गोष्ट ठरू नये. त्या दिवशी दुपारच्या जेवणात भात वगळा किंवा एक पोळी कमी करा आणि वाटी जेवणानंतर लगेच द्या. रात्री साडेदहाला टीव्हीसमोर नको. पण गोड खायचंय म्हणून जेवणच टाळणं, हे त्यांना करू देऊ नका. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांवर जेवण चुकलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा आणि तो आकडा लिहून पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. किती आणि किती वेळा, हे तेच सांगतील. एकाच वाटीचा परिणाम दोन माणसांवर वेगवेगळा होतो, त्यामुळे माझ्या हिशोबापेक्षा त्यांच्या मीटरवर जास्त भरवसा ठेवा.

मिस्टरांचं ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. ५.७ ते ६.४ च्या मधला आकडा तसा धरतात. तिथून मागे येता येतं, आणि पुष्कळ जण येतात. त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदाच्या क्रंबलपेक्षा रोजचा चहा, रोजचा भात आणि जेवणानंतरचं चालणं यांचं वजन कितीतरी जास्त आहे. तलावपाळीला दोघांनी मिळून दोन फेऱ्या मारा. भांडण काढायचंच असेल तर चहातल्या साखरेवरून काढा, तिथे निदान उपयोग होईल.

एक गोष्ट माझ्या घरातली. ह्यांना मधुमेह निघाला तेव्हा मी इतकी घाबरले की महिनाभरात स्वयंपाकघराचा दवाखाना केला. गोड बंद, तळण बंद, जेवताना प्रत्येक घासाचा हिशोब. माझी मुलगी तेव्हा तुमच्या मुलीएवढीच होती. ती घरी खाईनाशी झाली, आणि क्लासहून येताना बाहेरून खाऊन यायला लागली, हे मला फार उशिरा कळलं. ह्यांची साखर आटोक्यात आली, पण माझ्या लेकीचं जेवणाशी असलेलं नातं जुळायला बरीच वर्षं गेली. त्याचं वाईट मला आजही वाटतं. म्हणून तुमच्या मुलीसमोर कॅलरींचे आकडे बोलू नका. वर मी जे मोजमाप लिहिलंय ते तुमच्यासाठी आहे, स्वयंपाकघरात ठेवायचं. टेबलावर आलेली वाटी तिने हट्ट धरलेल्या क्रंबलची असू द्या, आजीच्या पथ्याची किंवा बाबांच्या रिपोर्टची नको. मैत्रिणीकडच्या क्रंबलपेक्षा हे कमी गोड लागलं, असं ती म्हणेल कदाचित. म्हणू द्या. तिच्या वाटीवर हवं तर अर्धा चमचा साखर भाजण्याआधी भुरभुरा, तिला ती चालते. एकाच ट्रेमधून प्रत्येकाची वाटी थोडी वेगळी निघू शकते, हा वाट्यांचा आणखी एक फायदा.

उरलेली वाटी फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. परत गरम करताना ओटीजीतच, १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये केली तर पुन्हा ओली होईल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. चुरा दुप्पट करून निम्मा कच्चाच फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर टिकतो, थेट बाहेर काढून फळावर टाकायचा, वितळू द्यायचा नाही.

येत्या रविवारी करणार असाल तर शनिवारी रात्री अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्येच टांगा. सकाळी पाच जणांना पुरेल एवढा चक्का मिळेल. आणि मोहन चोळायला मुलाला उठवायचं विसरू नका.